एक जण कमी

“परतीचं विमान उद्या ना? मग हॉटेलात लोळत पडू नकोस, चार ठिकाणं बघून ये,” आईने फोनवरून दटावलं, म्हणून हवाईसुंदरी परक्या राजधानीत पर्यटकांच्या बसमध्ये चढली. राजवाडा बघून सगळ्यांच्या आधी परतली. सीटवर टाकलेला रुमाल जागा राखून होता, पण सवयीने ती दारातच थबकली. चढणाऱ्या प्रत्येकाकडे बघून हसली, एका आजींना हात दिला, कुणाची पिशवी वर सरकवली. गाइडने बसलेली तेवढी डोकी मोजली. “एक जण कमी भरतोय.” सगळ्यांबरोबर तीही बाहेर डोकावली. आजी हळहळल्या, “एकटंच असणार बिचारं. सोबत कुणी असतं, तर केव्हाच ओरडलं असतं.” तिची नजर रुमालावर गेली आणि लख्ख प्रकाश पडला. तिच्यासाठी अख्खी बस खोळंबली होती. “निघायचं?” ड्रायव्हरने विचारलं. ती दारातूनच म्हणाली, “थोडं थांबा ना. येईल ती.”