अध्यक्षांचं विरोधी मत

“हा सिनेमा पहिला येणार असेल, तर माझं मत विरोधात आहे,” दादा म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

टेबलाभोवतीचे तिघे परीक्षक, एक नट, एक संकलक बाई आणि एक समीक्षक, एकमेकांकडे बघत राहिले. त्या सिनेमाचं नाव पहिल्या बक्षिसासाठी सकाळपासून कुणी घेतलंच नव्हतं. युद्धावरचा तो मोठा सिनेमा पहिला येणार, हे जवळजवळ ठरल्यात जमा होतं.

“दादा, बाजारात तुरी, आणि तुम्ही काठी आत्ताच उगारलीत!” नट हसून म्हणाला.

दादा हसले नाहीत. “नंतर रडण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं.”

दादांनी विरोध केलेला सिनेमा तसा साधाच होता. एक शिक्षिका आणि गणिताला घाबरणारी एक मुलगी. दिग्दर्शक अगदी नवखा, त्याचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. पहिलं बक्षीस मिळालं तर थिएटर मिळणार होतं. नाहीतर सिनेमा डब्यातच राहणार होता.

संशय आधी संकलक बाईंना आला. दादा आयुष्यभर सिनेमे लिहीत आणि दिग्दर्शित करत आले होते. पुरस्कार घेतानाचे त्यांचे फोटो या इमारतीच्या जिन्यातच लावलेले होते. हेच बक्षीस त्यांना त्यांच्या पहिल्या सिनेमाला मिळालं होतं. त्यानंतर कुठल्याच नवख्याला ते मिळालेलं नव्हतं. म्हाताऱ्याच्या पोटात दुखतंय ते इथे, बाईंना वाटलं.

पण मग सकाळचं काय? नात्यातल्या माणसाचा सिनेमा चर्चेला आला की त्या परीक्षकाने बाहेर जायचं, असा नियम होता. एका सिनेमाची वेशभूषा दादांच्या भाचीची होती. तेवढ्यावरून ते कुणी सांगायच्या आत उठून बाहेर गेले. “अहो दादा, पोरीने नुसते कपडे तर शिवून घेतलेत,” नट म्हणाला होता. “नियम तो नियम,” म्हणून दादा बाहेर उभे राहिले होते. इतका काटेकोर माणूस एका पोराचं वाईट चिंतेल?

“तुम्हाला खटकलं काय, ते तरी सांगा,” बाई म्हणाल्या.

“तुम्हीच सांगा ना, तुमचाच धंदा आहे. ती मुलगी खडू हातात धरून फळ्यासमोर उभी राहते, आणि उभीच राहते. कुणी कापलंच नाही. तुमच्या हाताखालच्या पोरीने असं काम आणलं असतं, तर तुम्ही काय केलं असतंत?”

बाईंचा चेहरा ताठ झाला. “तो प्रसंग कापायचाच नाही, दादा.”

“लावा परत. कुठे कापायचा ते मी दाखवतो.”

प्रसंग परत लागला. मुलगी फळ्यासमोर उभी होती. शिक्षिका मागच्या बाकावर जाऊन बसली. तिने उत्तर सांगितलं नाही, घाईही केली नाही. वर्गात चुळबुळ झाली, मग शांतता. मुलीने एक आकडा लिहिला, पुसला, पुन्हा तोच लिहिला. खोलीत कुणी हललं नाही. दादांनी कुठे कापायचं ते सांगितलंच नाही. बाईंना वाटलं, सांगायला जागाच नाही म्हणून गप्प बसलेत.

“आणि त्या शिक्षिकेचं काम?” दादा नटाकडे वळले. “नुसती बघत बसते. याला अभिनय म्हणायचं का आता?”

“नुसतं बघणं!” नटाची थट्टा कुठल्या कुठे पळाली. “तुम्ही म्हणताय हे? नुसतं बघता येत नाही म्हणून तुम्ही मला उन्हात दिवसभर उभं केलं होतंत!”

“केलं असेल. माझ्या लक्षात नाही.”

समीक्षक आतापर्यंत गप्प होता. दादांनी त्यालाही सोडलं नाही. “तुम्हाला आवडणारच. कळलं नाही की थोर, ही तुमची जुनी रीत.”

“मला सगळं कळलंय,” समीक्षक म्हणाला. “सिनेमाही, आणि तुम्हीही.”

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. दादांनी पाण्याचा ग्लास उचलला. न पिताच परत खाली ठेवला. खोटं पकडलं गेलं की होतं असं, बाईंच्या मनात आलं.

मत घ्यायची वेळ आली. युद्धाच्या सिनेमासाठी एकही हात वर गेला नाही. फळ्यासमोरच्या मुलीसाठी तीन गेले. दादांनी हाताची घडी घातलेली होती.

“बाहेर कुणी विचारलं, तर अध्यक्ष विरोधात होते हे आम्ही लपवणार नाही,” समीक्षक म्हणाला.

“लपवू नकाच.”

बाई त्यांच्यामागून जिना उतरल्या. आपल्याच तरुणपणीच्या फोटोवरून दादा न बघता पुढे गेले. बाईंना जरा वाईट वाटलं. “दादा, राग नाही ना आला?”

“तुमच्या मनासारखं झालं ना? मग झालं तर,” दादा म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

काच वर केल्यावर त्यांनी घरी फोन लावला.

“अगं, आपल्या लेकाला मिळालं.”

पलीकडे बायकोने देवापुढची घंटा वाजवली. मग ती म्हणाली, “त्याचा सिनेमा चर्चेला निघाला तेव्हा तुम्ही बाहेर गेला होतात ना?”

“गेलो असतो, तर पोरगा कुणाचा ते कळलं नसतं का? तुझ्या माहेरचं आडनाव लावून फिरतोय तो, ते काय उगीच? बक्षीस बापाचं झालं असतं. आत बसलो आणि शेवटपर्यंत विरोध केला. तिघंही इरेला पेटले.”

“अहो, पण हे त्याच्या कानावर जाणार. आधीच तो तुमच्याशी बोलत नाही.”

“जाईल.” दादांनी चष्मा काढून पुसला. “अभिनंदन कर त्याचं. तुझ्या एकटीकडून.”