मिनलचा तक्ता

“कोरं, कोरं, शून्य, कोरं, एक, कोरं, कोरं...” हेडफोनमधला आवाज बोलतच राहिला. पाचव्या ओळीला अनंतने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“तक्ता चांगलाच असंल, मिनल. सारेच म्हणून राहिले. पण मले त्यातलं काहीच समजून नाही राहिलं.”

मिनलचा चेहरा पडला. कंपनीच्या नव्या प्रोसेसरला मिळणारी प्रत्येक आज्ञा म्हणजे बत्तीस शून्य-एकांची रांग. ती रांग बेरजेची की वजाबाकीची, हे ज्यावरून ओळखायचं तो तक्ता तिने आखला होता. बत्तीस बारीक रकाने, प्रत्येक गटाला वेगळा रंग. ऑफिसच्या प्रमुख भारती मॅडमनी तो सगळ्यांना दाखवला होता.

अनंतला तो दिसणार नव्हता. दोन वर्षांत त्याची नजर पार गेली होती. आता कॉम्प्युटर त्याला सगळं वाचून दाखवायचा. मिनल नोकरीला लागली तेव्हा तिला हे काम शिकवलं ते त्यानेच.

“मी वाचून दाखवत जाईन ना, दादा.”

“किती दिवस?” अनंत शांतपणे म्हणाला. “सोमवारी मॅडमले सांगतो, नोकरी सोडतो म्हणून. काटोलले भावाचा संत्र्याचा बगिचा आहे. तिथं बसाले डोळे लागत नाहीत.”

तो काठी घेऊन चहाला गेला. मिनलने त्याचा हेडफोन कानाला लावला आणि डोळे मिटले. कोरं, कोरं, शून्य. तिसऱ्या ओळीपर्यंत ती स्वतःच हरवली. आपणच आखलेल्या तक्त्यात आपण कुठे आहोत, हे तिला सांगता येईना.

शनिवारी जरीपटक्याच्या घरी आई जेवायला हाका मारत होती, आणि मिनल रंग पुसत होती. जिवावर येत होतं. दोन महिन्यांची मेहनत होती ती. पण रंग गेले, मग कोरे रकाने गेले, आणि शेवटी रकानेच गेले. उरली ती एका आज्ञेला एक साधी ओळ. आधी आज्ञेचं नाव, मग कोणत्या जागी कोणते आकडे ठरलेले, मग उरलेली जागा कशासाठी. लिहिलेली प्रत्येक ओळ ती डोळे मिटून ऐकत होती. ऐकताना अडखळली की पुन्हा लिहीत होती.

“कोणाशी बोलून राहिली वं एकटीच?” आईने दारातून विचारलं.

“अनंतदादाशी,” ती म्हणाली.

सोमवारी तिने नवा तक्ता, जेवढा झाला होता तेवढा, अनंतच्या कॉम्प्युटरवर टाकला. अनंत ऐकू लागला. मग त्याने आवाजाचा वेग वाढवला, आणखी वाढवला. शेजारी बसलेल्या मिनलला हेडफोनमधून नुसती किरकिर ऐकू येत होती. त्याच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना. तक्ता संपला तसा तो हेडफोन काढून उठला, आणि थेट भारती मॅडमच्या केबिनकडे निघाला.

काचेपलीकडे अनंत उभ्यानेच बोलत होता. मॅडमनी त्याला बसायला सांगितलं, तरी तो बसला नाही. मॅडमनी मान हलवली. एकदा वळून त्यांनी मिनलकडे पाहिलं. तिने नजर खाली घातली.

काठीचा आवाज जवळ आला. अनंत आपल्या खुर्चीत बसला.

“सांगितलं मॅडमले?” तिने कसंबसं विचारलं.

“सांगितलं.” त्याने चाचपून हेडफोन उचलला. “म्हटलं, हा तक्ता आता माह्याकडे द्या, उरलेल्या आज्ञा मी लिहितो. हो म्हणाल्या. तू आपल्यासाठी दुसरं काम पाय वं.”