चित्रातला अत्तरवाला

अयोध्याबाईंनी पंचावन्न साली तैलरंगात रंगवलेला हैदराबादचा बाजार धाराशिवच्या घरातून संग्रहालयात निघाला होता. त्यातल्या देखण्या, बिनमिशीच्या अत्तरवाल्यावर त्यांचे यजमान आण्णासाहेब लग्नापासून जळत होते. एकदा बायको बेंबळीला माहेरी गेलेली बघून त्यांनी बुटाच्या पॉलिशनं त्याला मिशी रंगवली. परतल्यावर ती काहीच बोलली नाही. त्या मौनाच्या धाकात त्यांनी सगळा संसार केला. आता ती नव्हती, आणि चित्र साफ करायला आलेली मोनिका कापसाचा बोळा घेऊन नेमकी मिशीपाशी पोचली होती. “निघतीय का?” नव्वदीतल्या आण्णासाहेबांनी विचारलं. “कशी निघेल, आजोबा? खाली पॉलिशचा डाग दिसतोय, पण त्यावर आजींनी स्वतः नवी मिशी रंगवलीय. काय पीळ दिलाय!” आण्णासाहेबांनी चष्मा पुसून पीळ बघितला. “माझी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी काढायला लावली,” ते म्हणाले. “लई टोचती म्हणं.”