चार ते सहा

दवाखान्याच्या पाटीवरचा रंग अजून ओला होता. वर मामंजींचं नाव, चाळीस वर्षं उन्हापावसात उभं राहून फिकटलेलं. खाली नवं, काळंभोर: डॉ. कालिंदी परचुरे. रंगारी दोन पावलं मागे सरून आपलंच अक्षर न्याहाळत होता.

कालिंदीच्या पर्समध्ये हॉस्पिटलचं पत्र होतं. बायकांचा वॉर्ड, तीस खाटा, सोमवारपासून रुजू. होय की नाही, ते आज संध्याकाळी पाचपर्यंत कळवायचं होतं.

"तिथं काय ठेवलंय, सूनबाई?" डॉक्टर रघुनाथ म्हणाले. खिदिरपूरच्या, बंगाली वस्तीतल्या त्या चेंबरमध्ये ते मराठीत बोलू लागले, की घरचं काही चाललंय हे बाकावरच्या पेशंटांना कळे. "तिथं पेशंटला खाटेचा नंबर. आपलं माणूस दिसणार तेही चार ते सहा. इथं बाई घरच्यांबरोबर येते, घरच्यांबरोबर जाते."

"बायका जात्याशी बोलायच्या, मामंजी," कालिंदी म्हणाली. "घरात माणसं नव्हती म्हणून नव्हे."

खिदिरपुरात जातं कुठून आणलंस, असं म्हणत ते हसले. मग पडद्याबाहेर जाऊन अक्षरांच्या उंचीवरून रंगाऱ्याशी वाद घालू लागले.

तेवढ्यात वृंदा आली. महिन्यातली तिसरी खेप. बरोबर सासू, नेहमीसारखी. ही काही वाईट बाई नव्हती. भर उन्हात सुनेच्या डोक्यावर छत्री धरून तिनं तिला आणलं होतं. दोघी स्टुलांवर बसल्या.

कालिंदीने वृंदाचं मनगट हातात घेतलं आणि काय होतंय ते विचारलं. जेवत नाही, सासू म्हणाली. झोप लागते का? कसली झोप, सासू म्हणाली. पोटात कुठे दुखतं?

"तिला काय सांगता येतंय, डाक्तार-दिदी," सासू म्हणाली. "मला विचारा."

बोटांखाली नाडी पळत होती, कुणी पाठीस लागल्यासारखी. कालिंदीने घड्याळाच्या काट्याकडे पाहिलं आणि ठोके मोजत राहिली.

सासूच्या तोंडात पान होतं. ती पिंक टाकायला उठली, पडदा सारून दाराशी गेली. इनमीन सहा पावलं. तेवढ्यात नाडी उतरली. पळून पळून दमलेलं वासरू सावलीला यावं, तशी चालीवर आली. वृंदाचे ओठ हलले. शब्द गळ्यापर्यंत आला असेल, तोच पडद्याच्या कड्या वाजल्या. ओठ मिटले, आणि नाडी पुन्हा पळत सुटली.

कालिंदीने मनगट सोडलं नाही.

"मासीमा, तपासण्या करायला हव्यात," ती शांतपणे म्हणाली. "आठ दिवस हॉस्पिटलात ठेवून घेते. सोमवारी सकाळी घेऊन या. मी तिथंच असेन."

पडद्यापलीकडचा वाद थांबला.

सासूने पदर सावरला. आठ दिवस म्हणजे फार झाले, पण डाक्तार-दिदी म्हणतेय तर असू दे. पोरीला एकटं सोडायचं नाही म्हणून आपण उशाशी बसून राहू, असं ती म्हणाली. तशी परवानगी नसते, कालिंदीने सांगितलं. भेटायची वेळ चार ते सहा.

"नुसतं चार ते सहा?"

"हो."

तेव्हा महिन्यात पहिल्यांदा वृंदाचा आवाज आला. बारीक, पण स्वच्छ.

"आणि बाकीचा वेळ?"

"बाकीचा वेळ तुझा," कालिंदी म्हणाली.

सासू वृंदाकडे टक लावून बघत होती, तरी बोटांखालची नाडी या वेळी पळाली नाही.

त्या दोघी गेल्यावर कालिंदीने पर्समधून पत्र काढलं, पेनचं टोपण उघडलं. बाहेर डॉक्टर रघुनाथ बंगालीत रंगाऱ्याला सांगत होते, खालची ओळ ओली आहे तोवरच पुसून घे, वाळली की खरवडावी लागेल.

मग टर्पेंटाइनचा वास आत आला.