हामंडचं अक्षर

"हे अक्षर तुझ्या पहिल्या नवऱ्याचं आहे का, एवढंच सांग बाई," महापौर म्हणाले. "बाकीचं आम्ही बघतो."

एमटने खरेदीखताचं चर्मपत्र हातात घेतलं. नदीच्या पुलावरच्या न्यायदालनात यॉर्कमधली बरीचशी ओळखीची माणसं जमली होती. समोर वाइनचा व्यापारी गिल्बर्ट सेल्बी उभा होता. एमटच्या पहिल्या नवऱ्याने, हामंड लेखनिकाने, सात वर्षांपूर्वी फ्रान्सकडच्या बोर्दोला निघायच्या आधी त्याचं स्टोनगेटमधलं घर आपल्याला विकलं, असं त्याचं म्हणणं होतं. मधली सगळी वर्षं सेल्बी स्वतःच बोर्दोला व्यापार करत होता. आता परतला होता आणि घर मागत होता.

हामंड बोर्दोला पोचलाच नव्हता. हल बंदरातून सुटलेलं त्याचं जहाज हंबर नदीच्या मुखाशीच वादळात फुटलं. वाचला तो एकटा त्याचा मित्र रॅन्डल. हामंडला लाटेने ओढून नेताना त्याने पाहिलं होतं. ती बातमी घेऊन तो एमटच्या दारात आला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. पुढे लाकूडफाटा आणून दे, छप्पर शाकारून दे, असं करत तो येत राहिला. एमटने त्याच्याशी लग्न केलं तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. आत्ताही तो तिच्या शेजारी उभा होता, लहानग्या सिसलीला कडेवर घेऊन.

"नाही म्हण," तो तिच्या कानाशी कुजबुजला. "त्याच्या अक्षराचं तुझ्याइतकं कुणाला कळतंय इथे?"

ते खरंच होतं. हामंडच्या पानांवर रेघा आखायच्या, शाई घोटायची, त्याचे डोळे थकले की पुढच्या ओळी आपण उतरवायच्या, यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. लॅटिन तिला अर्धंमुर्धं कळायचं, पण कुठलं पान कुणाच्या हातचं आहे ते ती लांबून सांगायची.

ती खिडकीपाशी गेली. 'जी'ची शेपटी खाली उतरून डावीकडे वळत होती आणि टोकाला किंचित जाड होत होती. 'डी'ची मान थकल्यासारखी मागे कलली होती. ओळीच्या शेवटी जागा उरली की हामंड तिथे एक बारीक लाट काढून ठेवायचा. तीही होती.

म्हणजे त्याने खरंच घर विकलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी तिने त्याच्यासाठी पाव भाजले, त्याच्या झग्याच्या अस्तरात संताचं पदक शिवलं, आणि हा माणूस तिच्या डोक्यावरचं छप्पर विकून मोकळा झाला होता. त्याच्या आत्म्यासाठी तिने इतकी वर्षं मेणबत्त्या लावल्या होत्या.

"काय गं, दुसरा केलास म्हणून पहिल्याचं अक्षर विसरलीस की काय?" सेल्बी म्हणाला. दोघंतिघं हसले.

"तोंड सांभाळ, सेल्बी," रॅन्डल गरजला.

एमटचं तिकडे लक्ष नव्हतं. ती पुन्हा पहिल्या ओळीवर गेली होती. मग दुसऱ्या. मग थेट शेवटच्या. एका अक्षरावर बोट ठेवून ती बराच वेळ उभी राहिली.

"बाई?" महापौर म्हणाले.

"त्याचंच आहे," ती म्हणाली. "शपथेवर सांगते. हामंडचंच अक्षर."

निकाल लागायला वेळ लागला नाही. घर सेल्बीचं झालं.

बाहेर पुलावर आल्यावर रॅन्डलचा संताप आवरेना. "एक शब्द! एक 'नाही' म्हणायला काय जात होतं तुझं? आता पोरीला घेऊन कुठे जायचं?"

एमटने सिसलीच्या हातात गोड पावाचा तुकडा दिला आणि तिला मासेवालीच्या टोपल्यांपाशी बसवलं. रॅन्डलला ती कठड्याजवळ घेऊन गेली. त्याला हे कसं सांगावं तेच तिला कळत नव्हतं. मेलेल्या मित्रासाठी इतका रडलेला माणूस. ऐकून कोसळेल, असं वाटत होतं.

"त्या कागदावरचा 'ए' बघितलास?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"आपल्याकडे 'ए'ला दोन पोटं असतात, एकावर एक. हामंड जन्मभर तसाच काढायचा. बोर्दोच्या वाइनवाल्यांच्या पत्रांत फ्रेंच वळणाचा 'ए' यायचा, एकाच पोटाचा, डोक्यावर टोक असलेला. तो बघून हामंड म्हणायचा, हे अक्षर आहे की अळी. त्या कागदावर सगळीकडे तीच अळी आहे. आणि काढलीय हामंडनेच. ते वळण हातात मुरायला तिकडच्या कारकुनांत बसून वर्षं काढावी लागतात. तारीख मागची टाकलीय, रॅन्डल. तो बुडाला नाही. बोर्दोला पोचला."

रॅन्डल कठड्यावर वाकून खाली पाण्याकडे बघू लागला.

"हे आत सांगितलं असतं तर खोट्या तारखेचं खत रद्द होऊन घर वाचलं असतं. पण मग आपलं लग्न चर्चने मोडीत काढलं असतं. सिसलीला लोक काय म्हणाले असते? आणि अक्षर त्याचं नाही म्हटलं असतं, तर सेल्बी त्यालाच साक्षीला घेऊन आला असता." तिने त्याचा हात घट्ट धरला. "तुझा दोष नाही यात. लाटेत तुला जे दिसलं, ते तू सांगितलंस."

नदीवरून एक होडी पुलाखाली आली, पलीकडे निघून गेली. रॅन्डल पाण्याकडेच बघत होता. हात त्याने सोडवून घेतला.

"हरामखोर," तो हळूच म्हणाला. "किनाऱ्याला लागलो तेव्हा, घर आणि बायको, दोन्ही तुझी, असं म्हणाला होता मला."