उजेड लागलेली प्लेट

वेदिकाने काळा कागद सोडला आणि आतली प्लेट लालभडक निघाली. तिने दुसरी उघडली, मग तिसरी. तीच गत.

असं व्हायला नको होतं. त्या चपट्या बशीत जेमतेम दहा-बारा लाल ठिपके दिसायला हवे होते, आणि इथे गुलाल उधळल्यासारखी बशी भरून गेली होती. काल संध्याकाळी तिने या जिवाणूंवर अतिनील किरण सोडले होते. त्या किरणांनी जिवाणूंचा डीएनए मोडतो. नंतर लगेच उजेड मिळाला तर ते तो आपला आपणच दुरुस्त करतात आणि पुन्हा जोमाने वाढतात. अंधारात मात्र त्यातले फार थोडे सावरतात. ते थोडे कोण आणि कसे सावरतात, हाच वेदिकाचा दोन वर्षांचा अभ्यास. म्हणून तर काळा कागद, तोही दुहेरी.

अकरा वाजता हैदराबादच्या संशोधन संस्थेची माणसं व्हिडिओ कॉलवर येणार होती. पीएचडीची जागा एकच होती आणि प्लेट बघून ते काय ते ठरवणार होते. आता अकराला थोडाच वेळ उरला होता.

साधना मॅडम आत आल्या. नाशिकच्या या कॉलेजात वेदिकाला जिवाणूंची गोडी लावली ती त्यांनीच. डब्यातलं भरलं वांगं अर्धं तिच्या ताटलीत घातल्याशिवाय त्यांना घास जात नसे.

“अगं बाई! इतके?” त्यांनी चष्मा सारखा केला. “कंटॅमिनेशन झालं असणार, बाळा. हवेतलं काहीतरी पडलं. होतं असं. सांगून टाकू त्यांना. पुढच्या वर्षी बघू पुन्हा.”

पुढच्या वर्षी! किती सहज म्हणाल्या. वेदिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने प्लेट टाकून द्यायला उचलली, आणि उचलताना ती उलटी झाली.

बुडाला काळ्या चिकटपट्टीचा तुकडा होता. बाकीची मुलं मार्करने नाव लिहितात. वेदिकाचे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात वायरमन, घरात पट्टीला तोटा नाही. मार्कर पुसला जातो म्हणून ती आपली पट्टी लावते आणि तिच्यावर पांढऱ्या शाईने लिहिते. प्लेट ठेवतात उपडी, त्यामुळे पट्टी येते वर.

तिने नखाने पट्टी सोलली. खाली पट्टीएवढीच जागा मोकळी होती. फक्त दोन ठिपके. तिच्या कडेपासून पुढे मात्र सगळं लाल.

हवेतून पडणारे जंतू पट्टी बघून पडत नाहीत. पट्टीच्या सावलीत अंधार होता, बाकी प्लेटभर उजेड होता, एवढाच त्याचा अर्थ. कुणीतरी कागद सोडून प्लेट्स दिव्याखाली ठेवल्या होत्या आणि मग पुन्हा गुंडाळल्या होत्या. तेही कालच, किरण दिल्या दिल्या. आज सकाळी उजेड दाखवून काही झालं नसतं.

आणि काल, “पळ, बस चुकेल तुझी. मी ठेवते इन्क्युबेटरमध्ये,” असं म्हणून तिच्या हातातून त्या प्लेट्स घेतल्या होत्या मॅडमनी.

उजेडाचा हा धडा तिला शिकवलाही त्यांनीच होता. परक्या कुणी केलं असतं तर वेदिका भांडली असती, चार शिव्याही दिल्या असत्या. आता तिला रागसुद्धा येईना. केसाने गळा कापतात तो असा, एवढंच तिच्या मनात आलं.

“मॅडम, हे कंटॅमिनेशन नाही.”

तिने प्लेट त्यांच्यापुढे ठेवली. मॅडमनी ती मोकळी जागा पाहिली. उभा जन्म शिकवण्यात गेलेला. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. त्या स्टुलावर बसल्या.

“तू गेलीस तर ही लॅब कोण बघणार गं?” त्या म्हणाल्या. “प्रॅक्टिकल कोण लावणार? मला आता होत नाही सगळं. एक वर्ष, वेदिका. एकच वर्ष मागत होते मी.”

“मागितलं कुठे, मॅडम? मागितलं असतंत तर कदाचित थांबलेही असते.”

“पोटच्या पोरीसारखं मानलं तुला.”

“पोटची पोर सृष्टी,” वेदिका म्हणाली. “ती जर्मनीला शिकायला निघाली तेव्हा तिची बॅग भरायला मीच होते तुमच्या घरी. रडत होतात, पण तिला नाही अडवलंत.”

एवढ्यात लॅपटॉप वाजू लागला.

वेदिकाने ओढणीने डोळे पुसले आणि कॉल घेतला. पडद्यावर तिघे होते. नमस्कार-चमत्कार झाल्यावर त्यांनी प्लेट दाखवायला सांगितली. तिने ती कॅमेऱ्यासमोर धरली. मधले पांढऱ्या केसांचे गृहस्थ पुढे वाकले. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“ही अंधारात ठेवली होती ना?” त्यांनी विचारलं.

“मी अंधारातच ठेवायला दिली होती, सर.”

“मग?”

वेदिकाने लॅपटॉप हळूच फिरवला आणि साधना मॅडमच्या समोर आणून ठेवला.

“पुढचं मॅडम सांगतील.”