शून्य नाही तर नापास

सुनेने सर्व्हरवर नवी सेटिंग चढवली, ती नीट बसलीही. तरी सासऱ्यांनी लिहिलेल्या तपासणीच्या स्क्रिप्टने तपासून ‘नापास’ म्हणून बोंब ठोकली आणि पुन्हा जुनीच सेटिंग लावली. सकाळपासून हेच, दळलेलं पीठ पुन्हा जात्यात.

“अहो बाबा, सेटिंग चढवल्यावर सर्व्हर एक आकडा देतो. शून्य आलं म्हणजे काही बदललं नाही. दोन आलं म्हणजे बदललं आणि नीट बसलं. तुमची स्क्रिप्ट दोनालाही नापास करते! संध्याकाळपर्यंत नवी सेटिंग चालू झाली नाही तर गिऱ्हाईक निघून जाईल.”

“शून्याशिवाय काहीही आलं की धोका. स्क्रिप्टमधल्या माझ्या त्या ओळीला हात लावायचा नाही.” सासरे तणतणत बाहेर गेले.

सासूबाईंनी हळूच विचारलं, “ती ओळ बदलता येते का गं?”

“एका मिनिटात.”

“मग टाक बदलून. नशीबवान आहेस, बाई. माझ्या वाट्याला ती लिहिणारा आलाय.”